ई. कोलायच्या पोटात पीयूसी-१९ घालायची कशी

दरवर्षी तेच होतं. फळ्यावर 'पीयूसी-१९' लिहिलं की मागच्या बेंचवरून कोणतरी हळूच म्हणतं, "मॅडम, पीयूसी तर आम्ही दोन वर्षांमागंच पास झालाव की!" आणि सगळा वर्ग हसतो. आपल्याकडं बेळगावात अकरावी-बारावीला पीयूसी म्हणतात, पलीकडं कोल्हापूरला गेलं की पीयूसी म्हणजे गाडीच्या धुराचं सर्टिफिकेट, आणि आमच्या लॅबमध्ये पीयूसी म्हणजे प्लाझ्मिड, बॅक्टेरियाच्या सेलमध्ये मुख्य डीएनएपासून वेगळी राहणारी डीएनएची रिंग. त्यातलं पी म्हणजे प्लाझ्मिड आणि यूसी म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, कारण ह्या मालिकेवरचं सुरुवातीचं काम तिथं झालं. २६८६ बेसपेअरची बारकी गोल रिंग, त्यात अँपिसिलिन ह्या अँटिबायोटिकला पुरून उरणारा एक जीन आणि निळा रंग दाखवायला लागणारा एक तुकडा, एवढंच तिचं भांडवल.

ही रिंग ई. कोलाय ह्या बॅक्टेरियात कशी घालायची, हे मराठीत लिहायचं कारण साधं आहे. खानापूर, निपाणी, येळ्ळूरकडची बरीच पोरं दहावीपर्यंत मराठी मिडियमला असतात, पुढं सगळं एकदम इंग्लिशमध्ये येतं, मग जर्नलमध्ये प्रोसिजर सुंदर अक्षरात उतरवलेली असते पण ट्यूब बर्फात का ठेवली असं विचारलं की गप्प. म्हणून आमच्या प्रॅक्टिकलला जसं तोंडी सांगते तसंच इथं टाइप करूलाले. आणि आधीच सांगते, हे कॉलेजच्या लॅबमध्ये, सर किंवा मॅडम हजर असताना, कॉलेजच्या बायोसेफ्टीच्या नियमात बसवून करायचं काम आहे, घरच्या किचनमध्ये नाही, दुधाच्या पातेल्याशेजारी तर नाहीच नाही.

थोडं मागचं सांगते म्हणजे डोक्यात चित्र बसेल. १९२८ ला ग्रिफिथनं उंदरांवर न्यूमोनियाच्या बॅक्टेरियाचे प्रयोग करताना बघितलं की मेलेल्या घातक बॅक्टेरियातलं 'काहीतरी' जिवंत निरुपद्रवी बॅक्टेरियात शिरतंय आणि तो पण घातक होतोय. ते काहीतरी म्हणजे डीएनए, हे एव्हरी, मॅक्लिओड आणि मॅकार्टी यांनी १९४४ ला दाखवलं. पण आपली ई. कोलाय तशी हट्टी, बाहेरचा डीएनए सहजासहजी आत घेत नाही. १९७० ला मँडेल आणि हिगा यांनी बघितलं की गार कॅल्शियम क्लोराईडमध्ये ठेवून थोडा वेळ गरम केलं की ती व्हायरसचा डीएनए आत घेते, आणि १९७२ ला कोहेनच्या लॅबनं त्याच पद्धतीनं प्लाझ्मिड आत घातलं. आपण आज करतो ते जवळजवळ तेच, पन्नास वर्षांत फार काही बदललेलं नाही.

आता सामान. ई. कोलायचा डीएच-५-अल्फा स्ट्रेन पाहिजे. हा के-१२ घराण्यातला, लॅबमध्ये राहून राहून माणसाच्या आतड्यात टिकायची सवयच गेलेला, म्हणून शिकायला बरा. पुण्याच्या एनसीएलमधलं एनसीआयएम किंवा चंदीगडचं एमटीसीसी, अशा कल्चर कलेक्शनकडं कॉलेजच्या लेटरहेडवर मागणी करायची, नाहीतर ट्रान्सफॉर्मेशनचं, म्हणजे बाहेरचा डीएनए बॅक्टेरियात घालायचं, तयार किट मिळतं त्यात स्ट्रेन आणि प्लाझ्मिड दोन्ही असतं. गटारातून, पेशंटच्या सँपलमधून किंवा 'मागच्या बॅचनं ठेवलेली कुठलीतरी ई. कोलाय' असली घ्यायची नाही. तिच्यात आधीच अँपिसिलिनचा रेझिस्टन्स, म्हणजे औषधाला न मरायची ताकद, असला तर सगळा प्रयोग पाण्यात, आणि तसल्या रोगट बॅक्टेरियाला आणखी रेझिस्टन्स देणं हा तर गाढवपणा.

मीडिया, म्हणजे बॅक्टेरियाचं खाणं, आपलं एलबी. १०० मिलीला १ ग्रॅम ट्रिप्टोन, अर्धा ग्रॅम यीस्ट एक्स्ट्रॅक्ट, १ ग्रॅम मीठ, आणि प्लेटसाठी असेल तर घट्ट व्हायला दीड ग्रॅम अगार. १०० मिलीत चार-पाच प्लेट होतात. ऑटोक्लेव्ह १५ पौंडाला १५ मिनिटं असं पुस्तकात आहे, मी २० मिनिटं ठेवते, कारण बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटरवर आहे, इथं हवेचाच दाब कमी, त्यामुळं काटा १५ वर असला तरी आतलं तापमान १२१ च्या एक-दीड अंश खालीच असतंय. शिवाय काटा वर जायच्या आधी आतली हवा पूर्ण बाहेर सोडली नाही तर तो काटा खोटं बोलतो, वाफेची धार सरळ आणि जोरात यायला लागली की मगच वॉल्व्ह बंद करायचा. हे आमच्या लॅबच्या मामांनी मला शिकवलं, पुस्तकानं नाही.

अँपिसिलिनमध्ये दोन ठिकाणी माती खाता येते आणि मी दोन्ही ठिकाणी खाल्लीय. पहिलं म्हणजे सोडियम सॉल्टच घ्यायचं, दुसरा जो प्रकार येतो तो साध्या पाण्यात नीट विरघळत नाही, तळाशी पांढरा गाळ बसतो आणि आपण ढवळत बसतो. १०० मिलिग्रॅम प्रति मिली असा स्टॉक करायचा, ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून काढायचा, ऑटोक्लेव्ह अजिबात नाही, आणि बारक्या ट्यूबमध्ये वाटून फ्रीझरमध्ये. १०० मिली अगारला त्यातलं १०० मायक्रोलिटर, म्हणजे मिलीला १०० मायक्रोग्रॅम पडतं. दुसरं म्हणजे घाई. माझ्या पहिल्या वर्षी परीक्षेच्या आदल्या दिवशी लाईट जाणार म्हणून अगार गरम असतानाच मी अँपिसिलिन घातलं, सकाळी येऊन बघते तर सगळ्या प्लेटवर साय धरल्यासारखी गच्च वाढ, प्लाझ्मिड नसलेल्या कंट्रोल प्लेटवर पण! उष्णतेनं औषधच मेलेलं. तेव्हापासून नियम असा की फ्लास्क नुसत्या हातात धरून दहा आकडे मोजता आले पाहिजेत, हात न झटकता, तेव्हा ते साधारण पन्नासला आलेलं असतं आणि अजून घट्ट पण झालेलं नसतं. मगच औषध, गोल फिरवून मिसळायचं, आणि लगेच ओतायचं.

आता मुख्य काम, कॉम्पिटंट सेल, म्हणजे बाहेरचा डीएनए आत घ्यायला तयार झालेल्या सेल. आदल्या दिवशी ताज्या प्लेटवरची एकच कॉलनी (एका सेलपासून वाढलेला ठिपका) ५ मिली एलबीत टाकून रात्रभर ३७ अंशाला. महिनाभर फ्रीजमध्ये पडलेल्या स्लँटवरून (तिरक्या अगारच्या ट्यूबवरून) डायरेक्ट सुरू करू नका, म्हाताऱ्या सेलला अंगात दम नसतो. सकाळी त्यातलं अर्धा मिली ५० मिली नवीन एलबीत, आणि फ्लास्क २५० मिलीचा तरी पाहिजे, हवा खेळली पाहिजे. ३७ अंशाला, हलवत. चांगल्या मीडियात ई. कोलाय दर वीस मिनिटांनी दुप्पट होते हे पाठ असतं सगळ्यांना, पण ते ३७ ला. डिसेंबरात बेळगावच्या गारठ्यात फ्लास्क नुसता टेबलावर ठेवून "मॅडम वाढलं नाही" म्हणायचं नाही. घरी आई थंडीत विरजणाचं पातेलं टॉवेलमध्ये गुंडाळून चुलीशेजारी का ठेवते? तेच.

दोन-तीन तासांत कलरीमीटरवर ६०० नॅनोमीटरच्या आसपास रीडिंग ०.३ ते ०.४ आलं की थांबायचं. आपल्या कॉलेजच्या जुन्या कलरीमीटरचा भरवसा नसेल तर मागं पेपर धरून बघा, अक्षरं वाचता येतात पण धुक्यातून बघितल्यासारखी. पावसाळ्यातलं आंबोली घाटातलं धुकं नको, सकाळचं हलकं पाहिजे. त्याच्या पुढं गेलं तर सेल वाढायच्या थांबतात आणि मग प्लाझ्मिड घ्यायची पण त्यांची ऐपत राहत नाही. उशीर झाला तर टाकून द्या आणि परत सुरू करा, ओढूनताणून काय पण होत नाही.

इथून पुढं एकच गोष्ट लक्षात ठेवा, गार. सगळं गार. ट्यूब गार, कॅल्शियम क्लोराईड गार, टिपा पण आदल्या रात्री फ्रीजमध्ये. आमच्या सेंट्रीफ्यूजला कूलिंग नाही, मग आम्ही ट्यूबा आणि अडॅप्टर रात्रभर फ्रीजमध्ये ठेवतो आणि दहाच्या ऐवजी पाच मिनिटं फिरवतो, पेलेट, म्हणजे तळाशी बसलेला सेलचा गोळा, थोडा सैल बसतो पण चालतं. बर्फाची लादी ज्यूस सेंटरवाल्याकडून आणतो, गोणीत घालून फोडतो आणि त्यात थोडं पाणी घालतो, कारण नुसत्या बर्फाच्या खड्यांत ट्यूब चारी बाजूंनी टेकत नाही. एका वर्षी एका हुशार पोरानं आईस्क्रीमच्या पॉटसारखं बर्फात मीठ घातलं, "मॅडम अजून गार होईल की" म्हणून. झालं की गार! शून्याच्या खाली जाऊन सेल गोठल्या आणि फुटल्या. मीठ नाही.

कल्चर बर्फात दहा मिनिटं, मग ४००० आरपीएमला फिरवून वरचं पाणी ओतून टाका, पेलेटवर २० मिली गार ०.१ मोलर कॅल्शियम क्लोराईड घाला आणि ट्यूब हळूहळू गोल फिरवत विरघळू दे. व्होर्टेक्स नको, पिपेटनं फुर्र फुर्र नको, ह्या सेल आता आजारी माणसासारख्या आहेत. अर्धा तास बर्फात. परत फिरवा, आणि ह्यावेळी फक्त २ मिली कॅल्शियम क्लोराईडमध्ये घ्या. ह्या झाल्या कॉम्पिटंट सेल. घाई नसेल तर तशाच रात्रभर बर्फाच्या डब्यात फ्रीजमध्ये ठेवा, बारा ते चोवीस तास ४ अंशाला ठेवल्या की उलट चांगल्या होतात, हे फार कमी पोरांना माहीत असतं. फक्त त्याच्या पुढं ढकलू नका, मग उतरणीला लागतात.

कॅल्शियम क्लोराईडचं वजन करताना डब्यावरचं लेबल डोळे उघडे ठेवून वाचा. दोन पाण्यावाला असेल तर १०० मिलीला १.४७ ग्रॅम, बिनपाण्याचा असेल तर १.११ ग्रॅम. आणि हा पदार्थ बेळगावच्या जुलैत हवेतलं पाणी इतकं ओढतो की उघडा राहिलेला डबा दोन दिवसांत चिखल होतो. त्या चिखलाचं वजन करून काय उपयोग? नवीन डबा फोडा.

हे कॅल्शियम नक्की करतं काय? डीएनएवर निगेटिव्ह चार्ज, सेलच्या बाहेरच्या थरावर पण निगेटिव्ह चार्ज, दोघं एकमेकांना जवळ येऊ देत नाहीत, भाऊबंदकीतल्या दोन घरांसारखं. कॅल्शियम दोन पॉझिटिव्ह चार्ज घेऊन मध्ये बसतं आणि समेट घडवतं. मग अचानक ४२ अंशाचा चटका दिला की डीएनए आत सरकतो, तो नेमका कसा सरकतो यावर शास्त्रज्ञांचं अजून पूर्ण एकमत नाही, पण सरकतो हे खरं.

तर १०० मायक्रोलिटर सेल एका गार ट्यूबमध्ये, त्यात १० नॅनोग्रॅम प्लाझ्मिड, बोटानं एक टिचकी, बर्फात अर्धा तास. दुसऱ्या ट्यूबमध्ये तेवढ्याच सेल पण प्लाझ्मिडच्या जागी नुसतं स्टराईल पाणी, ही ट्यूब विसरलात तर पुढचं सगळं वाचू नका. मग ४२ अंशाच्या पाण्यात, पातळ प्लास्टिकची ट्यूब असेल तर ४५ ते ६० सेकंद, जाड काचेची असेल तर ९०. मोबाईलवर स्टॉपवॉच लावा, गप्पा मारू नका. लगेच परत बर्फात दोन मिनिटं. लाईट गेली तर घाबरायचं कारण नाही, चहाचा रुंद तोंडाचा थर्मास घ्या, ४३ चं पाणी भरा, थर्मामीटर लावून ४२ वर येईपर्यंत थांबा आणि त्यात ट्यूब बुडवा. माझा सगळ्यात चांगला रिझल्ट वॉटर बाथचा नाही, थर्मासचाच आहे.

आता ९०० मायक्रोलिटर साधं एलबी, अँपिसिलिन न घातलेलं, आणि ३७ ला एक तास. हा तास पोरं गाळतात, कारण बस पकडायची असते. पण विचार करा, प्लाझ्मिड आत गेलं म्हणजे लगेच संरक्षण मिळालं असं नाही, त्या जीनवरून अँपिसिलिन तोडणारं एन्झाईम आधी तयार व्हायला पाहिजे. चिलखत घालायच्या आधीच रणात ढकललं तर मरणारच की.

प्लेटवर १०० मायक्रोलिटर टाकून स्प्रेडरनं पसरा. स्प्रेडर स्पिरिटमध्ये बुडवून ज्योतीवरून नेताना स्पिरिटची वाटी लांब ठेवा, पेटता स्प्रेडर परत वाटीत घातला की वाटी पेटते, ओढण्या सांभाळा, केस बांधा. पंखा बंद. पावसाळ्यात आपल्या ओल्या भिंतींवरची बुरशी झाकण उघडायची वाटच बघत असते, म्हणून झाकण पूर्ण उचलायचं नाही, शिंपल्यासारखं एका बाजूनं.

किती प्लेट? कमीत कमी तीन. एक, साधं एलबी आणि प्लाझ्मिड नसलेल्या सेल, इथं गच्च वाढ आली पाहिजे, म्हणजे आपल्या हाताळणीत सेल मेल्या नाहीत हे कळतं. दोन, अँपिसिलिनवाली प्लेट आणि त्याच प्लाझ्मिड नसलेल्या सेल, इथं काय पण यायला नको. तीन, अँपिसिलिनवाली प्लेट आणि प्लाझ्मिडवाल्या सेल, इथं सुट्या सुट्या कॉलनी. मार्क सगळे तिसऱ्या प्लेटकडं बघून मिळतात असं पोरांना वाटतं, मी मात्र आधी दुसरी प्लेट मागते. दुसरीवर वाढ असेल तर तिसरीवरच्या कॉलनींना काडीची किंमत नाही, तिथं औषध मेलेलं आहे किंवा स्ट्रेनच खोटा आहे. पहिलीवर काहीच नसेल तर तिसरी रिकामी आली म्हणून प्लाझ्मिडला शिव्या घालू नका, सेल तुम्हीच मारल्या.

निळा रंग बघायचा असेल तर अँपिसिलिनच्या प्लेटवर एक्स-गाल (तुटलं की निळं होणारं) आणि आयपीटीजी (त्याला तोडणाऱ्या एन्झाईमचा जीन चालू करणारं) लावून घ्या. एक्स-गाल ज्या द्रावणात विरघळवतात ते अंगाला लागलेलं चांगलं नाही, हातमोजे घालून, हवा खेळती ठेवून, आणि बाटली फॉईलमध्ये. गंमत अशी की डीएच-५-अल्फाकडं बीटा-गॅलॅक्टोसिडेज एन्झाईमचा एकच भाग बनतो, उरलेला तुकडा पीयूसी-१९ पुरवते. जात्याची खालची तळी एका घरात आणि वरची दुसऱ्या घरात, एकत्र आल्याशिवाय दळण नाही. एकत्र आली की एक्स-गाल तुटतं आणि कॉलनी निळी. आपण नुसती पीयूसी-१९ घातली तर सगळ्या निळ्या, आणि त्या तुकड्याच्या मध्येच दुसरा जीन घुसवला असेल तर तळी फुटली, कॉलनी पांढरी. म्हणून क्लोनिंगवाले पांढरी कॉलनी शोधत असतात. रंग फिका वाटला तर प्लेट दोन-चार तास फ्रीजमध्ये ठेवा, गडद होतो.

प्लेट उलट्या करून ३७ ला सोळा ते अठरा तास. जास्त नको. चोवीस तासांच्या पुढं गेलं की मोठ्या कॉलनीभोवती बारक्या बारक्या पिल्ल्या दिसतात, त्यांच्यात प्लाझ्मिड नसतंच, मोठीनं एन्झाईम बाहेर सोडून आजूबाजूचं औषध संपवलं म्हणून ह्या फुकट्या वाढल्या. मोजताना त्या सोडा. मागच्या वर्षी एकीनं ६०० मोजल्या होत्या, खऱ्या होत्या नव्वद.

हिशेब असा. समजा १५० कॉलनी आल्या. १० नॅनोग्रॅम प्लाझ्मिड साधारण १ मिलीत होतं, त्यातलं १०० मायक्रोलिटर प्लेटवर गेलं, म्हणजे प्लेटवर १ नॅनोग्रॅम. १५० भागिले ०.००१ मायक्रोग्रॅम, म्हणजे मायक्रोग्रॅमला दीड लाख कॉलनी. हातानं केलेल्या कॅल्शियमच्या पद्धतीला हे ठीकठाक, आणखी नीट केलं तर दहा-वीस लाख पण येतात. आणि आता हे ऐका, त्या १ नॅनोग्रॅममध्ये पीयूसी-१९ च्या साधारण ३४ कोटी रिंगा असतात. चौतीस कोटींतून दीडशे आत बसल्या! सरकारी नोकरीची परीक्षा बरी म्हणायची.

निपाणीच्या एका पोरानं विचारलं होतं, "मॅडम, हे सगळं कशाला करूलालाव आपण, निळे ठिपके बघायला?" त्याच्या घरी तंबाखू. मी म्हटलं, बाबा रे, बॅक्टेरियाकडून बाहेरचा जीन घालून घेतलेल्या पहिल्या झाडांत तुझी तंबाखूच होती, १९८३ ला, अॅग्रोबॅक्टेरियम वापरून. आणि माणसाचं इन्सुलिन १९७८ ला ह्याच ई. कोलायकडून बनवून घेतलं, १९८२ पासून औषध म्हणून मिळायला लागलं, सगळ्याची सुरुवात अशाच ट्यूबपासून. तो गप्प बसला, पण पुढच्या प्रॅक्टिकलला सगळ्यात आधी बर्फ घेऊन हजर.

आवराआवर. कॉलनी असलेल्या प्लेट, टिपा, ट्यूब, सगळं परत ऑटोक्लेव्ह करूनच टाकायचं, बेसिनमध्ये काही ओतायचं नाही, टेबल ब्लीचनं पुसायचं, हात साबणानं. ह्या रेझिस्टन्स असलेल्या बॅक्टेरिया आहेत, कचऱ्याच्या डब्यातून नाल्यात गेलेल्या चालणार नाहीत. प्लेटचा फोटो काढा, प्लेट घरी न्यायची नाही, आईला दाखवायला पण नाही.

आणि चांगली निळी कॉलनी आली असेल तर तिचा ग्लिसरॉल स्टॉक करा, रात्रभर वाढवलेलं कल्चर आणि ऑटोक्लेव्ह केलेलं ग्लिसरॉल, शेवटी साधारण १५ टक्के पडेल एवढं, आणि फ्रीझरमध्ये. ट्यूबवर स्ट्रेन, प्लाझ्मिड, तारीख, तुमचं नाव, हे सगळं पेन्सिलीनं कागदी टेपवर लिहा, मार्करची शाई स्पिरिटनं पुसून जाते. आमच्या फ्रीझरमध्ये आत्ता सात ट्यूबा आहेत ज्यावर फक्त 'नवीन' एवढंच लिहिलंय.